काट्याचा मासा

नदीकाठच्या गावात सकाळी जाळे बाहेर निघते. जाळ्यात पाच-दहा तऱ्हेचे मासे असतात. त्यांची वाटणी तिथेच होते. मरळ एका पाटीत. वाम दुसऱ्या पाटीत. शिंगटा तिसऱ्या पाटीत. या माशांना भाव आहे. व्यापारी ते हातोहात उचलतो. मागे राहतात ते बोटाएवढे रुपेरी मासे आणि काट्यांनी भरलेले मध्यम मासे. त्यांना कोणी विचारीत नाही. ते मातीमोल विकले जातात, कोंबड्यांपुढे पडतात, नाही तर काठावरच वाळून जातात.

असे का? विचारा कोणालाही. एकच उत्तर मिळेल. "त्यात काटेच फार!"

ही गोष्ट खरी आहे. काटे आहेतच. पण काटे आहेत म्हणून मासा टाकायचा, की काट्यांची युक्ती शिकायची? या धड्यात आपण ती युक्ती शिकू. मासा धरावा कसा, साफ कसा करावा, चिरावा कसा, शिजवावा कसा आणि खावा कसा, हे क्रमाने पाहू. ज्याला आपण या माशाची खोड म्हणतो, त्या काट्यातच त्याचा मोठा गुण आहे. तो गुण कोणता, हेही पाहू.

हे काटे येतात कोठून?

मरळ खाताना मधला कणा काढला की काम झाले. मग मृगळ खाताना तोंडात काटे का येतात?

प्रत्येक माशाला पाठीचा कणा असतो. कण्याला बरगड्या असतात. हे मोठे काटे डोळ्यांना दिसतात आणि हाताने निघतात. पण रोहू, कटला, मृगळ यांच्या कुळातल्या माशांना आणखी एका प्रकारचे काटे असतात. नदीतले पुष्कळसे लहान रुपेरी मासेही याच कुळातले आहेत. हे काटे फार बारीक असतात. काहींचे टोक बेचकीसारखे दुभंगलेले असते. ते कण्याला घट्ट जोडलेले नसतात. मांसाच्या थरांत सुटे रुतलेले असतात. म्हणून कणा उचलला तरी ते मांसातच राहतात.

पण हे काटे वाटेल तेथे नसतात, बरे का! पाठीच्या जाड मांसात ते असतात. शेपटीकडे ते जास्त जाणवतात. पोटाकडच्या पातळ भागात मात्र बरगड्यांचे मोठे काटेच असतात. ते सहज निघतात. म्हणून घरात लहान मूल असेल, म्हातारे माणूस असेल, तर त्याच्या ताटात पोटाकडचा तुकडा वाढावा. शेपटीचा तुकडा जाणत्याने घ्यावा.

मरळ, वाम आणि शिंगटा यांच्या मांसात हे बारीक काटे त्रास देत नाहीत. म्हणून बाजारात त्यांना मान. ध्यानात ठेवा, बाजारात माशाचा भाव काटे पाहून ठरतो. अंगाला काय लागते, ते पाहून ठरत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवू. लहान माशांची नावे गावोगाव बदलतात. भीमेकाठचे नाव गोदाकाठी चालत नाही. म्हणून या धड्यात आपण मासा रूपावरून ओळखू. एक, बोटाएवढे लहान मासे. कोणी चपटे, कोणी लांबट, कोणाच्या शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका. दुसरे, वीतभर ते हातभर लांबीचे काटेरी मासे. मृगळ हा त्यांतलाच. या दोन्हींची युक्ती वेगवेगळी आहे.

मासा धरावा कसा?

लहान मासा धरायला फार भांडवल लागत नाही. एक वेळूची काठी घ्यावी. तिला बारीक दोरी बांधावी. दोरीच्या टोकाला अगदी लहान गळ लावावा. गळाच्या वर हातभर अंतरावर वाळलेल्या ज्वारीच्या धाटाचा तुकडा बांधावा. तो पाण्यावर तरंगतो. मासा लागला की तो तुकडा खाली जातो, आणि आपल्याला कळते.

गळाला कणकेची मुगाएवढी गोळी लावावी. कणीक घट्ट मळलेली असावी, नाही तर पाण्यात विरघळते. गांडुळाचा तुकडाही चालतो. लहान माशाचे तोंड लहान असते. त्याला मोठा गळ दाखवला, तर तो खाद्य खाऊन जातो आणि गळ रिकामा राहतो. पहाटे आणि दिवस मावळताना मासे खायला काठाशी येतात. तीच वेळ चांगली.

पाग फेकणे ही मात्र शिकण्याची विद्या आहे. पाग म्हणजे फेकायचे गोल जाळे. त्याच्या घेराला शिशाची वजने असतात. पाग हवेत छत्रीसारखा उघडला पाहिजे आणि सपाट पाण्यावर पडला पाहिजे. वजने तळाला जातात. दोरी ओढली की घेर मिटतो आणि आतला मासा आतच राहतो. भोई समाजात ही विद्या पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ज्याला शिकायची असेल त्याने जाणत्या भोयाजवळ उभे राहून शिकावी.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. वरच्या धरणातून पाणी सोडले की नदी पाहता पाहता चढते. भोंगा ऐकू आला किंवा पाण्याला गढूळपणा आला, की काठावर निघून यावे. दुसरे असे की, धरणात किंवा तलावात मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो. तेथे जाळे टाकण्याआधी विचारावे. दुसऱ्याच्या शेतात न विचारता कोणी कापणी करीत नाही. पाण्याचेही तसेच आहे.

बियाणे खाऊ नये

पहिला जोराचा पाऊस पडतो. ओढे-नाले वाहू लागतात. तेव्हा नदीतले मासे उलट्या प्रवाहाने वर चढतात. कोकणात यांना वलगणीचे मासे म्हणतात. कोठे चढणीचे मासे म्हणतात. हे मासे का चढतात? अंडी घालायला. त्यांचे पोट अंड्यांनी भरलेले असते. त्या दिवशी ओढ्यात मासे हाताने सापडतात, काठीने मारता येतात. सारे गाव धावते.

पण विचार करा. पेरणीच्या दिवशी कोणी कणगीतले बियाणे दळून खाईल काय? चढणीचा मासा म्हणजे नदीचे बियाणे आहे. एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. ती मादी ओढ्यात मारली, की पुढच्या सालची पाटी रिकामी.

दुसरा घात होतो मच्छरदाणीच्या जाळ्याने. जाळ्याच्या भोकाला आस म्हणतात. मच्छरदाणीचा आस इतका बारीक, की त्यातून डोळ्याएवढे पिल्लूसुद्धा सुटत नाही. येथे कोणी म्हणेल, "तुम्हीच म्हणता लहान मासे खा. मग आता लहान मासे धरू नका, हे कसे?"

शंका बरोबर आहे. पण लहान जातीचा मासा वेगळा आणि मोठ्या जातीचे पिल्लू वेगळे. लहान जातीचा मासा बोटाएवढाच होतो. तो एका वर्षाच्या आत अंड्यावर येतो आणि लौकर पुन्हा वाढतो. तो खावा. पण रोहूचे बोटाएवढे पिल्लू उद्या दोन किलोचे होणार आहे. ते आज चटणीसारखे खाऊन टाकणे हा तोटा आहे. पावसाळा संपतासंपता काठाशी पिल्लांचे थवे फिरतात. त्या दिवसांत बारीक आसाचे जाळे घरात ठेवावे. पिल्लू कोणते आणि पुरता वाढलेला मासा कोणता, हे गावातल्या जुन्या मच्छीमाराला विचारावे. त्याला ते एका नजरेत कळते.

सुरुंगाची दारू उडवून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे हा आपल्या देशात १८९७ सालच्या कायद्यापासून गुन्हा आहे. तरी कोठे कोठे ब्लीचिंग पावडर टाकतात. कोठे विजेची तार पाण्यात सोडतात. त्याने डोहातले सगळे मासे मरतात. मोठे, लहान, पिल्ले, सारे. तारेने माणसेही मेली आहेत. आणि तेच पाणी गुरे पितात, आपण पितो.

उलट चांगले उदाहरणही आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. तेथले मासे देवीचे मानतात. कोणी त्यांना मारीत नाही. तेथे मोठमोठे मासे निर्भयपणे फिरतात. देवीचे नाव असो की सहकारी संस्थेचा ठराव असो, एखादा डोह राखला, की त्यातले मासे वाढतात आणि आसपासच्या पाण्यात पसरतात.

चिलापी माशाचीही ओळख करून घेऊ. हा आफ्रिकेतला मासा. भारतात तो १९५२ साली आणला गेला. आता उजनीसारख्या जलाशयात तो भरपूर झाला आहे. तो भराभर वाढतो आणि देशी माशांच्या जागेत व खाण्यात वाटेकरी होतो. त्याच्या पाठीवरच्या परात टोकदार काटे असतात, ते हाताला बोचतात. पण मांसात बारीक काटे फारसे नाहीत. म्हणून चिलापी मिळाला तर जरूर खावा.

सासू-सुनेचे बोलणे

भीमेकाठचे एक घर. घरचा मुलगा पाटी घेऊन आला. मोठे मासे वाटेतच विकले गेले होते. पाटीत राहिले होते बारीक रुपेरी मासे आणि दोन मृगळ. सून माळावरच्या गावची. तिच्या माहेरी नदी नाही. ती पाटीकडे पाहून म्हणाली,

"आत्याबाई, हे बारकं कशाला घरात आणलं? निवडता निवडता दिवस जाईल. आन् पोराच्या घशात काटा गेला म्हंजे?"

सासू हसली. म्हणाली, "अगं, मोठा मासा व्यापाऱ्याचा, बारका आपला. मोठा इकून मीठ-मिरची येती. बारक्यानं पोरं धरतात. आण ती परात."

"डोकी काढून टाकू?"

"डोकी नगं टाकू. या बारक्या माशाचं डोकंच तर खायाचं. पोट तेवढं दाब. अंगठ्यानं असं दाबलं की आतडं भाईर येतं."

"आन् हे हिरवं काय?"

"ते पित्त. ते फुटू देऊ नगंस. फुटलं तर समदं कालवण कडू झालं म्हणून समज."

"आमच्या गावात एक जण म्हणायचा, माशाचं पित्त कच्चं गिळलं की साखरेची बिमारी जाती."

सासू गंभीर झाली. "बया बया! तसलं काही करू नगंस. कुणाला करूबी देऊ नगंस. पित्त ते उकिरड्यात पुरायचं."

सासूबाईंचे म्हणणे अगदी खरे आहे. रोहूच्या कुळातल्या माशांचे पित्त विषारी असते. ते गिळल्याने माणसाची मूत्रपिंडे बंद पडतात. असे रोगी आपल्या देशातल्या दवाखान्यांत आलेले आहेत. शिजवले म्हणूनही त्याचे विष जात नाही. औषध म्हणून कोणी सांगितले, तरी पित्त कधीही खाऊ नये.

साफ करण्याची रीत

लहान मासे चुलीच्या कोरड्या राखेत घोळावेत. राखेने बुळबुळीतपणा जातो आणि मासा हातात धरता येतो. मग ते टोपलीत घालून खडबडीत बाजूवर हलके चोळावेत. खवले आपोआप निघतात. पोट दाबून आतडे काढावे. तीन-चार पाण्यांनी धुवावे. शेवटच्या पाण्यात मीठ आणि हळद घालावी.

मोठ्या माशाचे खवले शेपटीकडून डोक्याकडे खरवडावेत. कल्ले काढून टाकावेत. पोट चिरून आतडे व पित्त अलगद काढावे. पोटाच्या आतली काळी साय खरवडून टाकावी. तिने उग्र वास येतो.

काही माशांना चिखलाचा मातकट वास येतो. तो पाण्यातल्या शेवाळामुळे आणि सूक्ष्म जिवांमुळे येतो. अशा माशाला चिंचेचे पाणी व मीठ चोळून अर्धा तास ठेवावे आणि धुऊन घ्यावे. आंबटाने हा वास कमी होतो.

मासा ताजा हवा. ताज्या माशाचे डोळे चकाकतात. कल्ले लाल असतात. बोटाने दाबले तर खड्डा राहत नाही. पाण्यावर मरून तरंगणारा मासा कधी आणू नये. कारखान्याचे किंवा शहराचे घाण पाणी जेथे नदीत मिळते, तेथलाही मासा खाऊ नये.

चिरण्याची युक्ती

आता मृगळाकडे वळू. त्याचे बारीक काटे काढता येत नाहीत. पण बारीक काटे आणखी बारीक करता येतात. हीच सारी युक्ती.

मासा आडवा ठेवावा. धारदार सुरी घ्यावी. बोथट सुरीने हे काम होत नाही. पाठीच्या बाजूने, आडव्या, जवळ जवळ चिरा द्याव्यात. दोन चिरांत ज्वारीच्या दाण्याएवढेच अंतर ठेवावे. चीर कण्याला टेकेपर्यंत खोल जावी, पण कणा तुटू नये. सुरी चालते तेव्हा कर्र कर्र असा आवाज येतो. तो आवाज काटे कापले जाण्याचा. आवाज आला, की समजावे, काम बरोबर चालले आहे. शेपटीकडे चिरा अधिक जवळ द्याव्यात. मग मासा उलटा करून दुसऱ्या बाजूलाही तसेच करावे.

आता मीठ, हळद, लाल तिखट, वाटलेला लसूण आणि चिंचेचा कोळ एकत्र करावा. हे वाटण चिरांच्या आतपर्यंत चोळावे. तासभर ठेवावे. मग माशाचे रुंद तुकडे करावेत. ज्वारीच्या किंवा तांदळाच्या पिठात घोळवून तेलात तळावेत. तेल चांगले तापलेले असावे. नंतर आच थोडी कमी करावी आणि तुकडा खरपूस होईपर्यंत ठेवावा. गरम तेल चिरांत शिरते. काट्यांचे तुकडे तळले जाऊन कुरकुरीत होतात. ते दातांखाली चावले जातात. मोठे काटे व कणा मात्र बाजूला काढावाच लागतो.

लहान माशांचे आंबट कालवण

लहान माशाची युक्ती आणखी सोपी. त्याचा काटा मुळातच मऊ. त्याला आंबट आणि मंद आच मिळाली, की तो विरघळल्यासारखा होतो.

अर्धा किलो साफ केलेले लहान मासे घ्यावेत. लिंबाएवढी चिंच भिजत घालून कोळ काढावा. दहा-बारा लसूण पाकळ्या, थोडे जिरे आणि मूठभर कोथिंबीर वाटून घ्यावी. दोन चमचे लाल तिखट, अर्धा चमचा हळद आणि चवीपुरते मीठ काढून ठेवावे.

मातीचे पसरट भांडे असेल तर उत्तम. नसेल तर जाड बुडाचे कोणतेही भांडे चालेल. भांड्यात चार चमचे तेल तापवावे. त्यात वाटण परतावे. तिखट-हळद घालावी. चिंचेचा कोळ व पाणी घालून उकळी आणावी. मग मासे एकावर एक रचून ठेवावेत. पाणी माशांच्या वर बोटभर असावे. झाकण ठेवून आच अगदी मंद करावी. डावाने ढवळू नये. ढवळल्याने मासे मोडतात. फडक्याने भांडे धरून नुसते गोल हलवावे. तासभर, दीड तास शिजू द्यावे. पाणी आटले तर गरम पाणी घालावे.

कुकर असेल तर मंद आचेवर अर्धा-पाऊण तास पुरे. कुकरात वाफ कोंडून जास्त उष्णता होते, म्हणून काटा लौकर मऊ होतो. डब्यात बंद केलेल्या माशांचे काटे मऊ का असतात? तेही असेच कोंडलेल्या उष्णतेत शिजवतात.

उतरवण्यापूर्वी एक मासा काढून दोन बोटांत चुरडून पाहावा. काटा बोटाला बोचला तर आणखी शिजवावा. बोचला नाही तर कालवण झाले. आंबटामुळे काट्यातला चुना थोडा रश्शात उतरतो. म्हणून रस्सा टाकू नये. ज्वारीच्या भाकरीबरोबर कुस्करून खावा.

लहान मुलांसाठी मृगळाच्या वड्या कराव्यात. मासा वाफवून घ्यावा. गार झाल्यावर मांस बोटांनी चाचपून काटे काढावेत. उजेडात बसून हे काम करावे. त्यात कांदा, मिरची, मीठ आणि थोडे बेसन मिसळून वड्या थापाव्यात. तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजाव्यात.

काट्यात काय आहे?

आता मुख्य गोष्ट. आपण मोठा मासा खातो तेव्हा मांस खातो आणि हाडे टाकतो. लहान मासा खातो तेव्हा सगळा मासा खातो. मांस, काटे आणि डोके. हाडाला बळकटी देणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, मांसात थोडा असतो. तो काट्यात भरलेला असतो. मऊ काट्यांच्या लहान माशांतले कॅल्शियम दुधातल्या कॅल्शियमइतकेच अंगी लागते, असे शास्त्रज्ञांनी तपासून पाहिले आहे. ज्या घरात दूध विकावे लागते, मुलांना मिळत नाही, त्या घराला ही गोष्ट किती मोलाची!

आणखी एक गुण आहे. तो समजण्यासाठी आपल्या शेजारच्या बांगलादेशाकडे पाहू. तोही नद्यांचा देश. तेथे मोला नावाचा बोटाएवढा मासा गरीब लोक खातात. हा मासा आपल्याकडच्या पाण्यातही आहे. शकुंतला हरकसिंग थिल्स्टेड नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी तेथे पुष्कळ वर्षे या लहान माशांचा अभ्यास केला. त्या जन्माने त्रिनिदादच्या, पण भारतीय वंशाच्या. त्यांना व त्यांच्या सोबत्यांना दिसून आले, की मोला माशात अ जीवनसत्त्व भरपूर आहे. रोहूसारख्या मोठ्या माशाच्या मांसात ते अगदी थोडे असते.

अ जीवनसत्त्व कमी पडले तर काय होते? मुलाला संध्याकाळी दिसत नाही. त्याला आपण रातांधळेपणा म्हणतो. रोग बळावला तर डोळा कायमचा जातो. अंगातली रोगाशी झगडण्याची ताकदही कमी होते.

आणि मोला माशात हे जीवनसत्त्व असते कोठे? मुख्यतः डोळ्यांत आणि पोटातल्या भागात. म्हणून डोके टाकले, की ठेवा टाकला. भीमेकाठच्या सासूने डोकी टाकू दिली नाहीत, ते उगीच नव्हे. सर्वच लहान माशांत हे जीवनसत्त्व सारखे नसते. पण सगळा मासा खाण्याची रीत सगळ्यांनाच फायद्याची आहे.

शकुंतलाबाईंनी आणखी एक गोष्ट करून दाखवली. तळ्यात मोठे मासे वाढवतात, त्यांच्याबरोबरच मोला मासाही वाढवता येतो. मोठा मासा विकायला, लहान मासा घरी खायला. या कामाबद्दल २०२१ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मोठा इकावा, बारका खावा, हे आपली सासूबाईही म्हणत होती. तीच गोष्ट शास्त्राने तपासून सांगितली.

मासे फार मिळाले तर वाळवून ठेवतात. वाळवलेल्या माशात कॅल्शियम टिकते. पण कडक उन्हाने अ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीसे होते. म्हणून मुलांसाठी ताजे मासे शिजवावेत. उरलेले मीठ लावून वाळवावेत.

घशात काटा अडकला तर

काट्याचा मासा घाईने खाऊ नये. ताटाजवळ उजेड हवा. बोलत, हसत खाऊ नये. घास आधी बोटांनी चाचपावा. बोटांना काटा कळतो. लहान मुलाला आईने स्वतः चाचपून, कुस्करून घास द्यावा. मूल खेळत असताना भरवू नये.

इतके करूनही काटा अडकला, तर घाबरू नये. आधी खोकून पाहावे. घोटभर पाणी प्यावे. पुष्कळदा काटा आपोआप जातो. भाताचा किंवा केळ्याचा मोठा घास गिळण्याची आपल्याकडे रीत आहे. ती करू नये. त्याने काटा अधिक खोल रुतू शकतो. घशात बोट किंवा काडी घालू नये. दुखणे थांबले नाही, थुंकी गिळता आली नाही, किंवा रक्त आले, तर दवाखान्यात जावे. डॉक्टर चिमट्याने काटा काढतात.

श्वासच कोंडला, खोकता किंवा बोलता येईना, तर क्षणाचाही उशीर करू नये. माणसाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात आणि लगेच मदत बोलवावी.

गावाचे काम

काटेरी मासा हा गावाच्या दाराशी वाहणारा ठेवा आहे. तो घ्यायला पैसा थोडा लागतो. धारदार सुरी लागते, चिंच लागते, मंद आच लागते आणि थोडा धीर लागतो. पण एक गोष्ट घरातल्या एकट्या बाईच्या हातात नाही. नदी जिवंत राहिली पाहिजे. पाण्यात विष पडले, चढणीचा मासा मारला गेला, पिल्ले मच्छरदाणीत गेली, तर मोठा मासाही जाईल आणि बारकाही जाईल. मग काटा काढायची युक्ती कोणाच्या उपयोगी पडणार?

म्हणून पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा हा विषय काढा. पावसाच्या पहिल्या दिवसांत ओढ्यात मासे मारायचे नाहीत, एक डोह राखायचा, एवढे ठरले तरी पुष्कळ झाले. आणि घरी आज कालवण कराल, तेव्हा माशांची डोकी टाकू नका.

विचार करा आणि सांगा

१. मृगळाचे बारीक काटे कण्याबरोबर का निघत नाहीत?

२. लहान मुलाला माशाचा कोणता भाग वाढावा? का?

३. लहान जातीचा मासा आणि मोठ्या जातीचे पिल्लू यांत फरक काय?

४. माशाचे पित्त का खाऊ नये?

५. घशात काटा अडकला तर काय करावे? काय करू नये?

६. तुमच्या गावात लहान माशांना कोणती नावे आहेत? पाच नावे पाटीवर लिहा.